वैभवग्रंथातील एक पान

(परळी वैजनाथ येथे पौर्णिमेनिमित्त भरलेल्या बौद्ध बांधवांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



पौर्णिमेच्या सभेत वक्त्याने धम्मावर बोलावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. आज मी बोलणार आहे ते मात्र पुस्तकांविषयी. त्यास एक कारण घडले. गेल्या महिन्यात आपल्या वस्तीतील तीन तरुण मजकडे आले. या भागाच्या संस्कृतीचा व वारशाचा गौरव करणारा एक ग्रंथ सिद्ध होत आहे, आणि त्याच्या संपादकांनी आपल्याला निरोप धाडला आहे, असे त्यांनी सांगितले. ग्रंथात देवस्थान आहे, संत आहेत, गढ्या व वाडे आहेत, यात्रा आणि उत्सव आहेत, या भागातील खाद्यपदार्थही आहेत. शेवटच्या प्रकरणात ‘इतर समाज’ या मथळ्याखाली एक पान बौद्धांसाठी राखून ठेवले आहे. त्या पानात काय लिहावे, हा त्या तरुणांचा प्रश्न होता. एकाचे म्हणणे असे की, पान मिळाले हेच पुष्कळ झाले, आठ दिवसांत मजकूर देऊन टाकू. दुसऱ्याचे म्हणणे असे की, ते पान आहे तसे परत करावे. तिसरा काहीच बोलला नाही. त्यांना मी त्या दिवशी उत्तर दिले नाही, कारण उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. ते आज आपणा सर्वांपुढे मांडतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या प्रदेशाचा अभिमान सांगणाऱ्या पुस्तकांशी माझे वैर नाही. स्थळमाहात्म्ये, साहित्य संमेलनांच्या आणि महोत्सवांच्या स्मरणिका, यात्रेकरूंसाठी छापलेली माहितीपुस्तके, शासनाने १९६९ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेले भीड जिल्ह्याचे गॅझेटियर, असे जे जे हाती आले ते ते मी वाचले आहे, व त्यांतून शिकलोही आहे. येथून थोड्या अंतरावरील अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधू’ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ मधला मानला जातो, आणि मराठीच्या आद्य ग्रंथांत त्याची गणना होते. त्याच गावी दासोपंतांनी कापडाच्या लांबच लांब पासोडीवर आपला ग्रंथ लिहून काढला. ही भाषा माझीही आहे. माझ्या आईने मला याच भाषेत अंगाई म्हटली. ती पासोडी कोणी विणली, तिचा कापूस कोणी वेचला, हे मात्र मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही, आणि ते शोधावे असे कोणाच्या मनात आल्याचेही दिसले नाही.

आता परळीवरील कोणतेही पुस्तक उघडा. बारा ज्योतिर्लिंगांतील वैद्यनाथ तो येथला, की झारखंडातील देवघरचा, या वादाला त्यात पानेच्या पाने दिलेली असतात. श्लोकांचे पाठभेद दिलेले असतात, पुराणांतील दाखले दिलेले असतात, अहिल्याबाई होळकरांनी केलेल्या जीर्णोद्धाराचे वर्णन असते. देव नक्की कोठे राहतो याविषयी एवढी तळमळ! परंतु याच गावात माणसे कोठे राहत होती, कोण गावाच्या आत आणि कोण गावाच्या बाहेर, कोण कोणत्या विहिरीवर पाणी भरीत होता व कोणास भरू दिले जात नव्हते, याविषयी त्या पुस्तकांत ओळ नसते.

देवळासंबंधी आणखी एक वाक्य अशा पुस्तकांत हमखास आढळते. ते असे की, या क्षेत्री कोणताही भेद न मानता प्रत्येक भाविकास लिंगाला हात लावून दर्शन घेता येते. हे वाक्य आजच्या काळापुरते खरे आहे. परंतु ते अशा थाटात लिहिलेले असते, की जणू अनादि काळापासून तसेच चालत आले आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली. त्यानंतर, फसली सन १३५८ मध्ये, हैदराबाद राज्यात हरिजन मंदिरप्रवेशाचा विनियम करावा लागला, आणि त्याच्या जोडीला सामाजिक निर्बंध दूर करणारा दुसरा विनियम करावा लागला. पुढे १९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम संमत झाला, तेव्हा प्रांतोप्रांतीचे जे कायदे रद्द करून त्यांची जागा त्याने घेतली, त्या कायद्यांच्या यादीत हैदराबादचे हे दोन्ही विनियम आहेत. ज्या दारांना अडसरच नव्हता, ती उघडावयास राज्याला कायदा कशासाठी करावा लागला असता? वारशाच्या ग्रंथात या विनियमाला स्थान मिळत नाही, आणि त्यामुळे जे कायद्याने व चळवळीने मिळविले, ते देवाच्या औदार्याच्या खाती जमा होते.

येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. आपणास त्या लिंगाला हात लावावयाचा आहे असे मी म्हणत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्याने घेतल्या, त्याच्यापुरता तो प्रश्न मिटला. परंतु देऊळ सोडले म्हणून इतिहास सोडला असे होत नाही.

मराठवाड्याच्या वैभवावरील बहुतेक ग्रंथांच्या मुखपृष्ठावर अजिंठ्याचे चित्र असते. पुष्कळदा पहिल्या लेण्यातील पद्मपाणी असतो. ते योग्यच आहे. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती लेणी पडली, तेव्हापासून सारे जग ती पाहावयास येत आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे भिक्षुसंघास दान दिले, हे तेथील शिलालेखात आहे. अजिंठा, औरंगाबाद आणि पितळखोरा येथील लेणी ही बौद्धांनी बौद्धांसाठी कोरविली, याविषयी कोणाचे दुमत नाही. मग मुखपृष्ठावर बोधिसत्त्व, आणि आत जिवंत बौद्ध मनुष्य ‘इतर समाज’ या प्रकरणात, हा काय प्रकार आहे? याचा अर्थ असा की, ज्या धम्मास अनुयायी उरले नव्हते तो धम्म यांना वारसा म्हणून चालतो. भिंतीवरचा बौद्ध हक्क मागत नाही, पाणवठ्यावर येत नाही, गायरानावर नांगर धरीत नाही. त्याचा गौरव करण्यास काही खर्च पडत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव घ्या. ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ या जुन्या प्रवासवर्णनात तगर म्हणून ज्या बाजारपेठेचा उल्लेख आहे, ती हीच. संत गोरोबा कुंभारांचे हे गाव म्हणून आपण सर्वजण ते ओळखतो. तेथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझिन्स या पुरातत्त्व अधिकाऱ्याने त्याच्या रचनेवरून मांडले, आणि अभ्यासकांनी ते मोठ्या प्रमाणात स्वीकारले. यात्रेच्या पुस्तकांत ही गोष्ट एका अर्ध्या वाक्यात येते, किंवा येतच नाही. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आहे. आपल्या मुलांना एकदा तरी तेथे घेऊन जा. एका सामान्य गृहस्थाने शेतात-मातीत सापडणारे खापर आणि मणी आयुष्यभर गोळा केले, म्हणून आज ते आपल्याला पाहावयास मिळतात. मी पुढे जे सांगणार आहे, त्याला हा गृहस्थ साक्षी आहे.

परंतु दगड-विटांपेक्षाही जुना असा एक पुरावा आपल्यापाशी आहे, आणि तो ग्रंथातच आहे. पालि तिपिटकातील ‘सुत्तनिपात’ हा अतिशय प्राचीन ग्रंथ होय. त्याचे मराठी भाषांतर धर्मानंद कोसंबी यांनी करून ठेवले आहे. त्याच्या शेवटच्या वग्गाचे नाव पारायणवग्ग. त्यात अशी कथा आहे की, बावरी नावाचा कोसल देशातील एक वृद्ध ब्राह्मण दक्षिणापथात येऊन अस्सक राज्याच्या हद्दीत गोदावरीच्या तीरी राहिला. त्याने मोठा यज्ञ केला आणि जवळचे सर्व दान करून टाकले. त्यानंतर दुसरा एक ब्राह्मण आला व पाचशे नाणी मागू लागला. बावरीपाशी काही उरले नव्हते. तेव्हा त्या ब्राह्मणाने शाप दिला की, सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील. बावरी भयाने खंगू लागला. अखेर त्याने आपले सोळा शिष्य भगवान बुद्धांकडे पाठविले. ते प्रतिष्ठानाहून, म्हणजे आपल्या पैठणहून, महिष्मती, उज्जयिनी, विदिशा या मार्गाने मगधापर्यंत गेले. भगवंतांनी त्यांना सांगितले की, अविद्या हेच ते मस्तक, आणि विद्या हीच ते मस्तक फोडणारी. शापाचे भय तेथेच संपले. सोळा जणांनी आपापले प्रश्न विचारले, आणि त्यांतील पिंगिय नावाचा वृद्ध शिष्य परत येऊन बावरीला सर्व वृत्तान्त सांगता झाला.

गोदावरी ही आपल्या बीड जिल्ह्याची उत्तर सीमा. या कथेचा प्रास्ताविक भाग मूळ प्रश्नोत्तरांपेक्षा उत्तरकाळी जोडला गेला असावा असे अभ्यासक मानतात, हेही मी येथे सांगून ठेवतो, कारण जे आहे ते पूर्ण सांगावे. तो भाग कितीही उत्तरकाळचा धरला, तरी मुकुंदराजांच्या कित्येक शतके आधीचा ठरतो. म्हणजे गोदातीराचे अशा प्राचीन वाङ्मयात जे दर्शन घडते, ते एका माणसाने शापाचे भय टाकून विद्येची वाट धरल्याचे दर्शन आहे. मराठवाड्याच्या संस्कृतीवरील ग्रंथाचे पहिले प्रकरण याहून योग्य कोणते होईल? तरीही अशा गौरवग्रंथांत बावरीचे नाव मला क्वचितच दिसले. आणि आपण तरी आपल्या मुलांना ही कथा कधी सांगितली?

आता आपल्यातील काही उत्साही मंडळींना दोन शब्द सांगितले पाहिजेत. ते त्यांना रुचणार नाहीत. अलीकडे आपल्याकडे असे बोलले जाते की, वैद्यनाथ म्हणजे मूळचा भैषज्यगुरू बुद्ध, आणि येथले देऊळ म्हणजे मूळचा विहार. एका तरुणाने तर मला सांगितले की, या भागातील झाडून सारी देवळे पूर्वी विहारच होती. मी त्याला विचारले, पुरावा कोणता? तो म्हणाला, सर्वजण म्हणतात. बंधूंनो, केसपुत्ताच्या कालामांना भगवंतांनी जो उपदेश केला, त्याचा आरंभच मुळी येथे आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सर्व म्हणतात म्हणून स्वीकारू नये. तो उपदेश काय केवळ दुसऱ्यांच्या पोथ्यांसाठी आहे? तेरच्या बाबतीत रचनेचा पुरावा आहे, तेथे आपण ठामपणे बोलू. जेथे पुरावा नाही तेथे आपण माहात्म्यकारांचेच काम नव्या नावाने करू लागलो, तर त्यांच्यात आणि आपल्यात अंतर काय राहिले? बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अस्पृश्यतेच्या उगमाविषयी एवढा परिश्रमपूर्वक सिद्धांत मांडूनही तो अंतिम आहे असा दावा त्यांनी केला नाही. तोच ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. आपल्या पूर्वजांचे स्मरण आणि पुराव्याची शिस्त या दोन्ही गोष्टी त्या एका पुस्तकात एकत्र नांदतात.

वारसा म्हटला की दुसराही एक मोह उत्पन्न होतो. आपल्या काही वृद्धांना बावन्न हक्कांचा अभिमान वाटतो. बेदरच्या बादशहाने अमृतनाक महारास बावन्न हक्कांची सनद दिली, ही आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. बेदर येथून फार दूर नाही. त्यामुळे ती आपल्या भागातील आख्यायिका आहे, आणि अमृतनाकाचा प्रामाणिकपणा ऐकताना मुलांचे डोळे पाणावतात हे मी पाहिले आहे. ती लिहून ठेवावी. पण ते हक्क तरी कोणते होते? मेलेल्या जनावराचा हक्क, प्रेतावरील वस्त्राचा हक्क, घरोघरच्या भाकरीचा हक्क. ज्या व्यवस्थेत उष्ट्याला हक्क म्हणतात, तिचे गोडवे त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’पासून, म्हणजे १९१५ सालापासून, आजपर्यंतच्या सर्व ग्रंथांतून गायिले गेले, असे मी म्हणणार नाही, आत्र्यांनी त्या गाड्याची कुरकुरही ऐकली होती. पण पुढच्या पुष्कळ लेखकांनी ‘बारा बलुतेदारांचा गुण्यागोविंदाने नांदणारा गाव’ एवढेच चित्र उचलले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली, तीस ते स्वतः आले होते. त्याआधी ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद झाली. बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. तेव्हा मराठवाड्यातील अस्पृश्य मनुष्य काय मागत होता? तो बावन्न हक्कांची सनद परत मागत नव्हता. त्याला त्या वेठीतून सुटका हवी होती. तडवळे आणि मक्रणपूर ही दोन गावे मराठवाड्याच्या वारसास्थळांच्या यादीत असावयास नकोत काय?

हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील गौरवग्रंथांविषयी थोडक्यातच सांगतो. त्या संग्रामात ज्यांनी प्राण दिले त्यांना माझे वंदन आहे. परंतु त्या ग्रंथांच्या कडेकडेने एक कुजबूज चालते की, दलित त्या वेळी निजामाच्या बाजूस होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पत्रक काढून हैदराबादेतील अनुसूचित जातींना निजामाच्या व इत्तेहादच्या बाजूस जाऊ नका असे बजावले होते. हे पत्रक छापलेले आहे, उपलब्ध आहे. कुजबुजीला छापील उत्तर असूनही ते आपण वाचून दाखवीत नाही, हा दोष मी आपल्याच माथी मारतो.

आणि २७ जुलै १९७८? त्या दिवशी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटविल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. १९७९ साली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. सोळा वर्षांचा हा काळ ज्या ग्रंथात नाही, त्या ग्रंथाला मराठवाड्याच्या संस्कृतीचा ग्रंथ म्हणावे काय? त्यांचे म्हणणे असे असते की, वारशाच्या ग्रंथात कटू प्रसंग नकोत, त्याने एकोपा बिघडतो. पण मग त्याच ग्रंथांत परचक्रे, लुटालूट, देवळांची मोडतोड यांची वर्णने कशी चालतात? परक्याने केलेले दुःख लिहिता येते. आपण केलेले लिहिता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, एका शोभेच्या ग्रंथासाठी एवढा खल कशाला? ज्याच्या पोटाला भाकर नाही त्याला वारसा काय करावयाचा? ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला, जे सहा-सहा महिने कारखान्याच्या तळावर कोपीत राहते, त्याला या पुस्तकाचे काय? हा प्रश्न मी हलका समजत नाही. म्हणून आता दुसऱ्या दोन पुस्तकांविषयी सांगतो, ज्यांना कोणी गौरवग्रंथ म्हणत नाही.

त्यांतील पहिले पुस्तक म्हणजे जनगणनेची वही. आज जो महाराष्ट्र आहे, त्यात १९५१ सालच्या गणनेत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती सत्तावीस लाखांच्या वर गेली. ते आकडे आपोआप भरले गेले नाहीत. गणना करणारा दारात आला, तेव्हा वाड्यावस्त्यांतील निरक्षर माणसांनी ‘धर्म बौद्ध लिहा’ असा आग्रह धरला. असे लिहिले तर सवलती जातील हे भय त्या वेळी खरे होते. अनुसूचित जातींतून धम्मात आलेल्यांना केंद्राने त्या सवलती लागू केल्या त्या १९९० साली. म्हणजे जवळजवळ चौतीस वर्षे त्या माणसांनी तोटा सोसून तो शब्द त्या वहीत टिकविला. हा वारसा नव्हे, तर दुसरे काय आहे?

दुसरी वही आपल्यापैकी पुष्कळांच्या घराशी निगडित आहे. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ई नावाची एक नोंदवही असते. ती अतिक्रमणांची नोंदवही. आपल्या आजोबांनी गायरान फोडले, दगड वेचले, ज्वारी पेरली. त्यांचे नाव गावच्या कोणत्याही पोथीत नाही, पण या वहीत ‘अतिक्रमणदार’ म्हणून आहे. १९५९ व १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यात गायरानासाठी माणसांनी मार खाल्ला, पिके जाळली गेली, खटले भरले गेले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ रोजी शासनाने निर्णय काढला आणि मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची वाट मोकळी केली. तेव्हा प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली गेली, ती म्हणजे पुरावा. आणि पुरावा कोणाजवळ निघाला? ज्याने दंडाची पावती जपून ठेवली त्याच्याजवळ. ज्याने आपल्यावरील फिर्यादीची नक्कल ट्रंकेत ठेवली त्याच्याजवळ. ज्याच्या बायकोने तो कागद चुलीत घातला नाही त्याच्याजवळ. ज्यांनी टाकून दिले त्यांचे अर्ज रखडले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी कडक निर्णय दिला; त्यात भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या आदेशाने दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे. पण त्या अपवादाचा आधार घ्यावयाचा, तर हातात कागद हवा.

म्हणून ज्याचे पोट गायरानावर आहे, त्याला वारशाशी काय करावयाचे आहे, हा प्रश्न मला आता पडत नाही. गौरवग्रंथात म्हटलेले असते की अमुक माळ देवाचा, अमुक रान गावच्या गुरांचे, परापूर्वीपासून. आपण तेथे दोन पिढ्या नांगर धरला, ही गोष्ट कोठेच छापलेली नसते. उद्या वाद निघाला की ते पुस्तक टेबलावर येते आणि आपल्या बाजूस नुसती तोंडी साक्ष उरते.

आपल्या लोकांनी लिहिलेच नाही, असे मात्र नाही. औरंगाबादला १९५० साली बाबासाहेबांनी जे महाविद्यालय काढले, ज्यास पुढे ‘मिलिंदप्रश्ना’तील राजाचे नाव मिळाले, त्याच्या नागसेनवनातून लिहिणारी एक पिढी निघाली. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ तेथलेच. प्र. ई. सोनकांबळे यांनी ‘आठवणींचे पक्षी’ लिहिले, त्यात मराठवाड्यातील एका पोरक्या मुलाची भूक आहे. आपल्याच जिल्ह्यातील एकनाथ आवाड हे पोतराजाचे पुत्र. त्यांनी गायरानाचा लढा उभा केला, पुढे धम्मदीक्षा घेतली, आणि ‘जग बदल घालुनी घाव’ या नावाने आत्मचरित्र लिहिले. ते २०१५ साली निवर्तले. बीड जिल्ह्याची संस्कृती ज्याला जाणून घ्यावयाची आहे, त्याने आधी ते पुस्तक वाचावे असे मी म्हणेन. पोतराजाचा आसूड आणि घुंगरू हे महोत्सवाच्या मंडपात शोभेचे दिसतात. त्या घरात ते कसे दिसत होते, हे त्यात आहे.

आणि ज्या लिहू शकत नव्हत्या त्या बायांचे काय? १९९६ साली हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ या अभ्यासकांच्या मंडळींनी माजलगावच्या भीमनगर वस्तीत स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्या ओव्यांत बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत, दीक्षा आहे. लोकसाहित्याचे संग्रह करणाऱ्यांनी जात्यावरची विठ्ठलाची ओवी शोधून शोधून छापली. त्याच जात्यावरची भीमाची ओवी त्यांच्या कानावर पडली नाही, कारण ते आपल्या वस्तीत आलेच नाहीत. आज या सभेत बसलेल्या आयांपैकी कितीजणींना त्या येत असतील! जाते घरातून गेले, आता ओव्याही जातील. त्यांच्यासाठी वेळ थोडा आहे.

तर आता त्या पानाचा प्रश्न. पान परत करावे असे जो तरुण म्हणाला, त्याचा संताप मला मान्य आहे, सल्ला मान्य नाही. कोरे सोडलेले पान दुसरा कोणीतरी भरतो. आणि लगेच लिहून देऊ म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, ‘आमचा समाज कष्टाळू व शांतताप्रिय असून दरवर्षी जयंती उत्साहाने साजरी करतो’ असले चार ओळींचे प्रमाणपत्र आपण द्यावयाचे नाही. संपादकांना आपण तीन गोष्टी लेखी कळवाव्या. ‘इतर समाज’ हा मथळा काढावा. ज्या ग्रंथाच्या आरंभी अजिंठा आहे, त्यात बौद्ध हे इतर ठरत नाहीत. देवळाच्या प्रकरणात मंदिरप्रवेशाच्या कायद्याचा उल्लेख वर्षासह यावा. आणि आपल्याला दिलेल्या पानात मक्रणपूर, तडवळे, १९५६, १९७८ आणि १९९४ ही सर्व येतील. त्यांतील एकही काढले जाणार नाही. हे त्यांनी मान्य केले, तर आपण आनंदाने पान लिहून देऊ, आणि त्यांचे आभार मानू. मान्य केले नाही, तर आपले पत्र व त्यांचे उत्तर, दोन्ही आपल्या दप्तरात राहील.

पण ते पान म्हणजे आपले पुस्तक नव्हे. आपले पुस्तक आपणच केले पाहिजे, आणि त्यास विद्वान संपादकाची वाट पाहण्याचे कारण नाही. तेरच्या गृहस्थाने खापराचे तुकडे गोळा केले, तसे आपण कागदाचे तुकडे गोळा करू. माझी योजना साधी आहे. विहाराच्या कपाटातील एक खण रिकामा करून घेतला आहे. पुढच्या पौर्णिमेला प्रत्येक घराने आपल्याकडील एक तरी कागद आणावा: दंडाची पावती, फिर्यादीची नक्कल, दीक्षेच्या वेळचा फोटो, शाळा सोडल्याचा दाखला ज्यावर जात खोडून धर्म लिहिला आहे, ऊसतोडीच्या उचलीचा हिशेब, काहीही. मूळ कागद घरीच राहील. आपण त्याची प्रत काढून घेऊ व वहीत नोंद करू. कोणाचा, कोणत्या सालचा, कोणत्या गावचा. मातंग, चर्मकार आणि भटक्या जमातींतील शेजाऱ्यांनाही सांगा. हे काम केवळ आपल्या वस्तीचे नाही. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांनी आपल्या घरातील सर्वात वृद्ध व्यक्तीस बरोबर आणावे. तिचे बोलणे दोन मुली लिहून घेतील. त्यांची नावे मी ठरविली आहेत, सभा संपल्यावर त्यांना विचारणार आहे. जो तिसरा तरुण त्या दिवशी काही बोलला नाही, त्याचे अक्षर चांगले आहे असे मला कळले. नोंदवही मी त्याच्या हाती देत आहे. पहिल्या पानावर माझ्या वडिलांच्या दंडाची पावती आहे. दंड दोन रुपयांचा आहे, तारीख पुसट झाली आहे. ती वाचता येईल असा कोणी चांगल्या डोळ्यांचा येथे असेल तर त्याने पुढे यावे.

जय भीम.